विहीणबाईंच्या हॉटेलात

...आणि पाणी गेलं! डोक्याला साबण, डोळ्यांत साबण, कानांत साबण, आणि वरून नळाचा नुसता फुस्स्स असा आवाज, म्हणजे नळसुद्धा हसला हो मला! हलू नका, टाचणी टोचेल. हात जरा वर धरा... हां, असा. तर तुम्हाला सांगतो, जुलै महिना, ऐन हिवाळा, त्यात कुस्कोची थंडी, तिथे सकाळी माणूस बोलला की शब्दांच्या आधी वाफ बाहेर पडते, आणि मी, तेओफिलो सेगार्रा, या अरेकिपातल्या अर्ध्याअधिक नवरदेवांचे सूट ज्याने शिवले तो माणूस, हातरुमालापेक्षा जेमतेम मोठा टॉवेल गुंडाळून हॉटेलच्या अंगणात उभा! आणि ओरडतोय, "लेओकादियाबाई, पाणी!" आणि वरच्या गॅलरीतून उत्तर, गोड, अगदी मधात बुडवून काढलेलं: "येतंय हो व्याहीबुवा, येतंय!"

येतंय! कुठून येतंय? पायी येतंय का? वाटेत कुठे जेवायला थांबलंय का? दुसरं कुणी असतं ना, तर त्या हॉटेलच्या पाटीचा भुगा केला असता मी. पण बोलणार कुणाला? विहीण पडली ना!

हो, विहीण. आमची अझुसेना तुम्हाला ठाऊक आहे, लहानपणी इथे या कापडांच्या ढिगाखाली लपून बसायची, तीच. तिने जमवलं कुठे, तर कुस्कोत. मुलगा विल्बर, दातांचा डॉक्टर, सज्जन, माझ्यासमोर पाय हलवत बसत नाही, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण आईचं हॉटेल! सान ब्लासच्या चढावर. स्वस्त आणि मस्त असं बाहेर लिहिलंय, त्यातलं मस्त पुसट झालंय. मी आपला सरळ म्हटलं, आम्ही मुलीकडची माणसं, आम्ही आमची सोय दुसरीकडे बघतो. तर बाई छातीवर हात ठेवून काय म्हणाल्या माहीत आहे? "माझं हॉटेल असताना माझे व्याही परक्याच्या उशीवर डोकं ठेवणार? मी मेले का?" आता यावर काय बोलायचं? लग्नाच्या तोंडावर विहिणीला 'हो' म्हणायचं का?

तर खोली. दार उघडलं की पलंग, पलंगावरून उतरलं की दार. मधे जागा म्हणून नाही. आणि गादीला मधोमध असा खड्डा, की मी या कडेवरून आणि बायको, दोमितिला, त्या कडेवरून निजायला लागलो की दोघंही घसरत घसरत मध्यावर! इतक्या वर्षांच्या संसारात इतके जवळ कधी आलो नव्हतो आम्ही, आणि खरं सांगू का, दोघांनाही ते आवडलं नाही. खिडकी उघडली तर समोर भिंत. हात लांब केला की लागते. मी म्हटलं, बाई, इथून काही दिसत नाही. तर म्हणतात कशा, "असं कसं व्याहीबुवा? इंकांची भिंत आहे ती! दगडात सुईसुद्धा जायची नाही! लोक समुद्र ओलांडून बघायला येतात!" अहो, येतात, पण बघून जातात ना! तिच्याशी नाक लावून झोपतात का?

डोकं दुखायला लागलं, साहजिक आहे, उंचावर दम लागतो. तर काय, कोकाच्या पाल्याचा काढा. पोट बिघडलं? काढा. पलंग मोडलाय? "आधी काढा घ्या, मग बघू." पाणी नाही? काढा! मी विचारलं, बाई, अंघोळीला पाणी नाही तर या काढ्याला कुठून येतं? तर पदराआड तोंड लपवल्यासारखं शालीआड हसल्या आणि म्हणाल्या, "अरेकिपाची माणसं हुशार हो!" आणि नाश्ता! पाव फुगलेला गोल गरगरीत, फोडला की आत हवा. लोणी मागितलं तर बाईंनी सुरीला लोणी दाखवलं आणि ती सुरी पावावरून फिरवली. पण बोलणार कुणाला? विहीण पडली ना!

हं, तर मी अंगणात. साबण वाळायला लागलेला. अंगणात कोण बसलंय? नवऱ्या मुलाच्या झाडून सगळ्या मावश्या आणि आत्या, लग्नाच्या जेवणासाठी वालाच्या शेंगा सोलत! त्यातली एर्नेस्तिना मावशी, कानाने अधू, त्यामुळे जे बोलते ते अख्ख्या गल्लीला ऐकू जातं, ती म्हणते, "अगं लेओकादिया, हा कोण गं पांढरा पांढरा?" आणि आमच्या विहीणबाई काय म्हणाल्या? नीट ऐका. म्हणाल्या, "हे नवरीचे वडील. जरा गार पाण्याला भितात. अरेकिपाची माणसं नाजूक हो, कापसात वाढलेली!"

नाजूक! मी! ज्याने मिस्ती डोंगर चढून वर पाव खाल्लाय तो मी! आणि त्या सगळ्या हसल्या, शेंगा सांडेपर्यंत हसल्या, आणि मग बाईंनी स्वतःच्या हाताने टाकीतली बादली भरली, वर बर्फाची साय होती हो तिच्यावर, ती बोटाने बाजूला केली जशी दुधावरची करतात, आणि ओतली माझ्या डोक्यावर! मी ओरडलोसुद्धा नाही. आवाजच गोठला. पण त्या पाण्याखाली उभा असताना मी मनाशी म्हटलं, लेओकादियाबाई, याचा सूड घेणार. लग्न मोडणार नाही, पोरीला कळणार नाही, पण घेणार!

आता सूड काय घ्यायचा? पहिला विचार आला तो आमच्या धंद्यातलाच. बाईंचा लग्नात घालायचा झगा माझ्याकडे होता, कंबरेत सैल करायला. एक टाका, फक्त एक टाका कच्चा घातला असता ना, तर नाचताना पहिल्याच गिरकीत... बाई एकीकडे आणि झगा एकीकडे! सुई हातात घेतली मी. पण नाही हो जमलं. उसवला असता तर लोकांनी विचारलं असतं, शिवला कुणी? उलट इतका सुरेख बसवला, की बाई तो घालून आरशासमोरून हलेनात. जळफळाट झाला माझा.

मग मी काय केलं, सरळ मोठ्या चौकात गेलो. पायऱ्यांवर परदेशी पोरं बसलेली असतात ना, पाठीवर घर घेऊन हिंडणारी. दोघे अर्जेंटिनाचे होते, बाप्ये, पण केस माझ्या अझुसेनापेक्षा लांब. मला विचारतात, "काका, एखादं स्वस्त हॉटेल सांगा की." आलं की नाही सावज चालत? मी म्हटलं, कुठेही उतरा बाबांनो, पण सान ब्लासच्या चढावरच्या लेओकादियाच्या हॉटेलात नको. का? म्हटलं, तिथे बिनडोक्याचा पाद्री फिरतो. आणि मग काय, जीभ सुटली माझी! दिवे गेले की येतो, झग्याचा सळसळ आवाज येतो, इंकांच्या भिंतीतून निघतो, पलंगाखाली वाकून वाकून आपलं डोकं शोधतो, आणि ते सापडलं नाही की झोपलेल्या माणसाचं डोकं चाचपून बघतो, हे बसतंय का म्हणून! खोली कुठली विचारलं, तर दुसरी आठवेचना, माझ्याच खोलीचा नंबर सांगून बसलो. दोघांचे चेहरे असे झाले, की मला वाटलं, झालं, आता अख्ख्या कुस्कोत बोंब होणार आणि बाईंचं हॉटेल ओस पडणार! शीळ घालत परत आलो.

बोंब झाली. झाली ना! दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो तर अंगणात पाय ठेवायला जागा नाही. पिशव्याच पिशव्या! अर्जेंटिनाचे, चिलीचे, एक जर्मन जोडपं, सगळी माणसं रांगेत, आणि सगळ्यांना हवी काय? पाद्र्याची खोली! आणि बाई माझ्याकडे धावत, गाल लाल, "व्याहीबुवा, देवाची कृपा बघा! काय सांगू, तुमचा पायगुण! पण तुमच्या खोलीला फार मागणी आहे हो. तुम्हाला मागच्या बाजूला नेऊ का? तिथे ऊब असते."

असते ना ऊब. शेजारी गिनीपिगांचा खुराडा! लग्नाच्या जेवणासाठी पाळलेले, गुबगुबीत, कुईंकुईंकुईं! त्यांना गवत ताजं, वेळच्या वेळी, आणि मला हवा भरलेला पाव. पण बोलणार कुणाला? भूत तर मीच आणलं होतं!

आणि एवढ्यावर थांबलं असतं तर! पण ती एर्नेस्तिना मावशी! तिने ते ऐकलं, अर्धंच ऐकलं, आणि आमच्या दोमितिलाच्या कानाशी जाऊन ओरडली, "अहो, तुमच्या पलंगाखाली पाद्री आहे म्हणे!" आमची दोमितिला म्हणजे कशी, काळं मांजर दिसलं तर रस्ता नाही, गाव बदलते. तिने बॅगा भरायला घेतल्या. "भुताच्या घरात माझी पोर देणार नाही! डोकं नसलेला पाद्री लग्नघरात म्हणजे काय? लग्न टिकायचं नाही! चला घरी!" उद्या लग्न, आणि आज ही बॅगेवर बसून कुलूप लावतेय! विल्बर बिचारा दारात उभा. बाईंचा चेहरा पहिल्यांदा उतरलेला बघितला मी. आणि तुम्हाला सांगतो, ज्यासाठी तडफडत होतो ते समोर दिसलं, आणि मजाच आली नाही हो.

अझुसेना आली. रडून डोळे सुजलेले. मला हाताला धरून खुराड्यामागे घेऊन गेली आणि माझ्याकडे बघतच राहिली. मी आपला गिनीपिगांकडे बघतोय.

"पप्पा," म्हणाली, "तो पाद्री डोकं चाचपून बघतो? बसतंय का म्हणून?"

म्हटलं, "असं म्हणतात लोक."

"लोक नाही म्हणत. लहानपणी मी जेवत नसले की तुम्ही सांगायचात. अख्ख्या पेरू देशात ही गोष्ट फक्त आपल्या घरात आहे."

मी वाकून गिनीपिगांना गवत घालायला लागलो. कुईंकुईंकुईं! तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "मी कुणाला सांगणार नाही. आईलाही नाही. पण तुम्ही आत जा, आणि सगळ्यांसमोर सांगा की त्या खोलीत काही नाही. तुमचं ऐकतील, तुम्ही तिथे झोपलाय. आणि पप्पा, नीट सांगा. मनापासून. मला इथे राहायचंय."

मला इथे राहायचंय! झालं. या तीन शब्दांवर माणूस काय करणार?

गेलो. सगळे टेबलाभोवती. मावश्या, आत्या, बॅगेवर दोमितिला, दारात जर्मन. मी घसा साफ केला आणि म्हटलं, मंडळी, ही सगळी थापेबाजी आहे, कुण्या रिकामटेकड्याने उठवलेली. मी त्या खोलीत झोपलोय. अशी झोप, अशी झोप मला जन्मात लागली नव्हती! बोलताना एकेक शब्द दातात अडकत होता हो, खड्यासारखा. पण पोरगी समोर उभी! म्हटलं, गादी अशी की माणूस तिच्यात... सामावून जातो! समोर इंकांची भिंत, डोळे निवतात! पाणी... एर्नेस्तिना मावशी ओरडली, "पाण्याचं काय?" ...पाणी अंगाला असं ताजंतवानं करतं की बस! आणि नाश्ता हलका, पचायला सोपा! मी तर म्हणतो, अख्ख्या कुस्कोत असं हॉटेल नाही, आणि लेओकादियाबाईंसारखी मालकीण तर साऱ्या पर्वतांत नाही!

टाळ्या! जर्मनसुद्धा वाजवायला लागला, त्याला काय कळलं देव जाणे. दोमितिलाने बॅगेचं कुलूप काढलं, पण माझ्याकडे अशी बघत होती जशी भूत मलाच लागलंय. आणि लेओकादियाबाई... त्यांच्या डोळ्यांत पाणी. खरंखुरं. शालीने पुसत म्हणाल्या, "व्याहीबुवा, माझ्या हॉटेलबद्दल इतकं चांगलं आजवर कुणीच बोललं नाही." आता हे मात्र मी मानलं. खोटं काय त्यात?

लग्न झालं. थाटात झालं. अझुसेना अशी दिसत होती की मी शिवलेला विल्बरचा सूट कुणी बघितलाच नाही, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. बँड, नाच, विहीणबाई त्या झग्यात भोवऱ्यासारख्या फिरतायत, एक टाका हलेल तर शपथ! आणि मग बाईंनी बँड थांबवला. हातात पेला. म्हणाल्या, "मंडळी, मी पोरांना लग्नात काय द्यायचं हे ठरवून ठेवलं होतं. उरुबांबाच्या खोऱ्यातलं आमचं मक्याचं शेत आणि तिथलं घर."

दोमितिलाने माझा हात दाबला. उरुबांबा! तुम्ही बघितलंय ना? ऊन, नदी, पीचची झाडं, दाराशी झोपाळा! मी मनातल्या मनात त्या झोपाळ्यावर जाऊन बसलोसुद्धा.

"पण," बाई म्हणाल्या, "काल व्याहीबुवांचं भाषण ऐकलं आणि माझं काळीज भरून आलं. ज्या वास्तूवर सुनेच्या बापाचा इतका जीव, ती सोडून शेत कशाला द्यायचं? शेत मी म्हातारपणी बघीन. आजपासून हे हॉटेल माझ्या अझुसेनाचं!"

आणि किल्ल्यांचा तो एवढा मोठा जुडगा पोरीच्या हातात! सगळे माझी पाठ थोपटतायत. विल्बर पाया पडतो की काय इतका वाकला. अझुसेना माझ्याकडे बघून हसत होती की रडत होती, मला आजतागायत कळलेलं नाही. आणि बाई माझ्या कानाशी येऊन म्हणतात, "खूश ना, व्याहीबुवा?"

बोलणार कुणाला हो?

चला, झालं तुमचं, उतरवा कोट सांभाळून. काय म्हणालात? जूनमध्ये सूर्यदेवाच्या सणाला जाताय कुस्कोला? सहकुटुंब? कुठे उतरणार?... छे छे, तिथे कशाला! सान ब्लासच्या चढावर जा सरळ. माझं नाव सांगा. छान आहे हो. खोल्या छान, माणसं छान, दोन घोंगड्या न्या आपल्या बरोबर, पण छान आहे. लेकीचं हॉटेल आहे ना ते, आता वाईट म्हणायची सोयच राहिली नाही.