किलोचा पहिला आठवडा

बाबांच्या तेराव्याचं सामान आणायला मी राजपुऱ्यातल्या दुकानात गेले. आईच्या वेळी बाबांनीच केलेली यादी हातात होती. शेर जाऊन किलो आला, तो पहिला आठवडा. माझ्यापुढे दापोऱ्याची एक म्हातारी दुकानदाराशी भांडत होती.

“मावशी, सरकारी वजन आहे. कमी नाही भरत.”

“सरकारनं मले इचारलं का? जनमभर शेरानं दाळ नेली. या लोखंडाले मी वळखत नाही.”

“भिंतीवर कागद लावलाय ना!”

“कागद वाचता आला असता तर तुझ्याशी कायले भांडली असती, भाऊ?”

“मग काय करू? सकाळपासून पाच गिऱ्हाइकं रिकामी परत गेली.”

“जुना शेर हाय?”

“आहे. सोमवारी जमा करायचाय.”

“एका पारड्यात तो ठेव. दुसऱ्यात तुझा किलो.”

“घ्या. बघा, किलोच जड.”

“हे पयल्याच दिवशी काहून नाही दाखवलं?”

“मलाही कुणी दाखवलं नव्हतं, मावशी.”

“मग सोमवारपर्यंत शेर इथंच राहू दे. लोकं डोळ्यानं पाहतील. दे आता किलोभर दाळ.”

“देतो. ताई, तुमची यादी? अहो, यात तर सगळं शेरांतच आहे.”

“बाबांचं अक्षर आहे. त्यांच्याच तेराव्याचं सामान न्यायचंय.”

“भाऊ, तिले आज शेरानंच दे.”