जिन्याच्या वळणावरचा बाक

वहिनी, निखिल, अध्यक्ष महोदय, आणि घमापुरातून, अधारतालहून, जबलपुरात कुठून कुठून आलेल्या माझ्या माणसांनो,

मला नीट बोलता येईल की नाही, सांगता येत नाही. घरून निघताना ठरवलं होतं की थोडं बोलायचं, फुलं वाहायची आणि गुपचूप खाली बसायचं. पण इथे आले, समोर हा फोटो पाहिला, शेजारी ते चित्र पुन्हा पाहिलं, आणि आता थोडक्यात भागेल असं वाटत नाही.

मी अलका. लग्न होऊन नागपूरहून जबलपूरला आले आणि आपल्या मोघे सरांच्या ऑफिसात कामाला लागले. तेव्हापासून त्यांचं टेबल आणि माझं टेबल समोरासमोर. तेही आर्किटेक्ट, मीही आर्किटेक्ट, पण मी त्यांच्याकडून शिकलेली. सर मला शंकेखोर म्हणायचे. नकाशा पुरा झाला की क्लायंटसमोर म्हणायचे, "थांबा, आमच्या शंकेखोर बाईंना एकदा दाखवू द्या." तर आज ती शंकेखोर बाईच बोलून राहिली आहे. सांभाळून घ्या.

पहिली शंका या फोटोचीच. हा फोटो सरांचा आहे का हो?

चेहरा त्यांचाच आहे. पण हा कोट कुठला? सरांनी जन्मात कोट घातला नाही. निखिलच्या, सख्ख्या पुतण्याच्या लग्नातसुद्धा नाही. आणि कपाळावरचा तो व्रण कुठे गेला? साइटवर सळई लागली होती, तो व्रण. मी निखिलला विचारलं तर तो म्हणाला, "दीदी, ॲपमध्ये टाकला, त्याने आपोआप साफ केलं." वहिनी फोटोसमोर उभ्या राहिल्या आणि हळूच मला म्हणाल्या, "बाई, हे तर बँकेतले कोणी साहेब वाटून राहिले."

हसा, हसा. सरांना चाललं असतं. पण माझं हसू टिकलं नाही, कारण त्याच्या शेजारी ते दुसरं चित्र आहे.

ज्यांना मागून दिसत नसेल त्यांच्यासाठी सांगते. आपल्या मंडळाची ही जुनी इमारत पाडून इथे नवी होणार आहे. खाली कार्यक्रमांचा हॉल, वर खोल्या. बाहेरगावाहून दवाखान्यासाठी येणाऱ्या माणसांना उतरायला त्या खोल्या, म्हणजे आजारी माणसं, म्हातारी माणसं. त्या इमारतीचं हे चित्र. आणि मघाशी अध्यक्ष म्हणाले ते तुम्ही ऐकलंच. सरांचे आजवरचे सगळे नकाशे निखिलने कंप्यूटरला दिले, कंप्यूटर ते शिकला, आणि त्याने सरांच्या शैलीत हे डिझाइन काढलं. इमारतीला सरांचं नाव द्यायचं. नकाशावरही त्यांचंच नाव राहील. आणि शेवटी, श्रद्धांजलीचं मौन झालं की आपण सगळ्यांनी हात वर करून त्याला मंजुरी द्यायची.

चित्र सुंदर आहे. खोटं काहून बोलू? खोल व्हरांडा आहे, विटांची जाळी आहे, दुपारचं ऊन भिंतीवरून वाकडं उतरतंय. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, सरच काढून राहिले.

आणि तिथेच मला संशय आला. माणूस जाऊन तेरावं नाही झालं, आणि त्याच्या नावाने नकाशा? रडत्या माणसांकडून मंजुरी? उद्या नाही, परवा नाही, आजच? एवढी घाई कोणाला आहे?

आता तुम्ही म्हणाल, अलकाताई जुन्या वळणाच्या, कंप्यूटरला भितात. नाही हो. सर भीत नव्हते, मग मी कशाला भिऊ? उतारवयात ते निखिलच्या शेजारी स्टूल टाकून बसले आणि कंप्यूटरवर नकाशे काढायला शिकले. तो उन्हाचा प्रोग्राम आला, घरात कोणत्या महिन्यात ऊन कुठवर येईल ते दाखवणारा, तर सर लहान पोरासारखे खुश. मेचं ऊन लावायचे, डिसेंबरचं लावायचे, पुन्हा मेचं. मला हाक मारायचे, "अलका, ये, ये, पाह्य, ऊन चाललं!" वहिनी वरून जेवायला हाका मारून थकायच्या.

पण एक प्रश्न मात्र ते कंप्यूटरला विचारत नसत. तो माणसांना विचारत. तुमच्यापैकी ज्यांची घरं सरांनी बांधली, त्या सगळ्यांना त्यांनी तो विचारला आहे. आठवतो? "लोखंडी कपाट वर कसं न्याल?"

बघा, माना हलल्या!

सरांचं कपाट जबलपूरभर प्रसिद्ध. कोणी म्हणायचं, सर, आमच्याकडे लोखंडी कपाटच नाही. सर म्हणायचे, येईल. कोणी म्हणायचं, आजकाल कपाटं सुटी करून नेतात. सर म्हणायचे, हे सुटं होणार नाही. मग जिन्याचं वळण रुंद करायचे. आम्ही त्याला लँडिंग म्हणतो, जिना जिथे वळतो ती जागा. नकाशात त्या जागेवर ते तुटक रेषेचा एक लांबट चौकोन काढायचे, आणि तो वळवून पाहायचे. वळला तर ठीक. नाही वळला तर सगळा जिना पुसायचा. लोक चिडायचे. खोलीची जागा खाता म्हणायचे. सर ऐकायचे नाहीत.

मीही वैतागायचे. मला वाटायचं, एवढा शहाणा माणूस, पण कपाटाचं काय वेड घेऊन बसला.

आता ते वेड काय होतं, ते सांगते. हे मी वहिनींशिवाय कोणाजवळ बोलले नाही.

माझे बाबा शेवटी माझ्या भावाकडे अधारतालला राहायचे. नवी सोसायटी, वरचा मजला. बुकिंगच्या वेळी बिल्डरच्या ऑफिसात बाबांच्या डोळ्यांना तो मोठा चष्मा लावला होता, ज्यातून न बांधलेलं घर दिसतं. बाबा कोऱ्या खोलीत उभे, आणि म्हणतात, अरे वा, अरे वा. मग एकदम खाली वाकले. आम्ही घाबरलो. तर बाबा चपला काढून राहिले होते! घराचं दार दिसलं ना समोर. चपला घालून आत कसं जायचं?

सगळे हसले. मी पण हसले. त्या चष्म्यात बाबांना सगळं दिसलं. स्वयंपाकघर दिसलं, बाल्कनीतल्या कुंड्या दिसल्या. जिना नाही दिसला. जिन्याचं काम काय, लिफ्ट आहे ना.

बाबा गेले त्याच घरात. लिफ्ट एवढीशी, त्यात आडवं माणूस मावेना. जिना अरुंद, वळणावर स्ट्रेचर फिरेना. मग माझ्या बाबांना खुर्चीत बसवलं. छातीला चादर बांधली. आणि मजल्यामागून मजला, खुर्ची तिरकी करत, भिंतीला घासत खाली आणलं. कोणी ओरडत होतं, अरे भैया, टेढ़ा करो, टेढ़ा करो. बाबांची मान पडत होती. आणि शेवटपर्यंत ती मान मागून हाताने धरून जो माणूस उलटा उलटा उतरत होता, ते मोघे सर होते.

घाटावरून परत आल्यावर सर माझ्याजवळ बसले.  मग म्हणाले, "अलका, तुला काय वाटलं, मी खरंच कपाटाचं विचारतो?"

मी म्हटलं, मग कशाचं?

म्हणाले, "सुरुवातीला सरळच विचारायचो. घरातलं माणूस गेलं तर खाली कसं आणाल? एका घरी बाई चहाचा कप ठेवून उठूनच गेल्या. भूमिपूजनाच्या आधी असं अशुभ बोलतात का म्हणाल्या. बरोबर होतं त्यांचं. तेव्हापासून मी कपाट म्हणतो."

एवढंच. पुन्हा तो विषय कधी निघाला नाही. पण त्या दिवसानंतर मी त्या चौकोनावरून वाद घातला नाही.

आता पुन्हा त्या चित्राकडे पाहा. जिना पाहा. वळणावर पाहा काय आहे. एक बाक आहे. दगडी, छान, पाठीमागे खिडकी, दोन बाजूंना झाडांच्या कुंड्या.

मी काल निखिलला विचारलं, हा बाक इथे कोणी ठेवला?

निखिल, तू म्हणालास, "किसी ने नहीं रखा, दीदी. तो आपोआप आला. काकांच्या प्रत्येक नकाशात तिथे काहीतरी आहे ना, तर त्याने पकडलं. काकांची खूण आहे ती."

आपोआप आला? पाय फुटले होते का बाकाला?

तिथे काहीतरी होतं, खरं आहे. तो तुटक रेषेचा चौकोन होता. सरांनी तो काढला, कारण ती जागा रिकामी राहावी. आणि कंप्यूटरने नेमकी तीच जागा भरून टाकली. वरच्या खोल्यांतून आजारी माणसं राहणार, आणि वळणावर दगडाचा बाक. तिथे पुन्हा कोणाच्या तरी बापाला खुर्चीत बांधतील. आणि खाली पाटी असेल, दिवाकर मोघे.

निखिल, बेटा, राग मानू नको. तू काकांवर जीव टाकतोस, हे मी जवळून पाहिलं आहे. तुझ्यावर माझा संशय नाही. माझा संशय त्या "आपोआप" शब्दावर आहे. कोट आपोआप आला. व्रण आपोआप गेला. बाक आपोआप आला. ठीक आहे. मग उद्या काही चुकलं तर विचारायचं कोणाला? सरांच्या एखाद्या घरात साधी ओल आली, तरी लोक घमापुरात येऊन गल्लीतून ओरडायचे, "मोघेजी, बाहर आओ!" आणि सर हातातला घास ठेवून बाहेर यायचे. शिव्या खायचे, भिंत पाहायला जायचे. या नकाशासाठी कोण बाहेर येणार आहे? ज्याने काढला, त्याला दार नाही, गल्ली नाही. त्याने कधी कोणाला खाली आणलेलं नाही. आणि ज्याचं नाव लावून राहिलो, तो आता हाक मारली तरी येणार नाही.

पहिल्यांदा हे चित्र दाखवलं तेव्हा वहिनींनी एकच विचारलं होतं, "हे कोणाला विचारून काढलं?" आपल्याला वाटलं, त्या परवानगीचं म्हणून राहिल्या. नाही हो. त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं की हा माणूस विचारल्याशिवाय रेघ ओढत नाही. काय खाता, कोण येतं, म्हातारं कोण आहे, कुठे झोपतं. कंप्यूटरने कोणाला विचारलं? आपल्यापैकी एकाला तरी?

मी कंप्यूटर फेका म्हणत नाही. निखिल, तू काढ ना नवा नकाशा. कंप्यूटरवरच काढ. पण आधी वरच्या खोल्यांत राहणाऱ्या माणसांजवळ जाऊन बस. आणि खाली तुझं नाव घाल. चुकलास तर लोक तुझ्या दारात येऊन ओरडतील. मीही ओरडेन. मग तू बाहेर ये.

आता शेवटचं, आणि मग मी बसते.

त्या सकाळी सरांना ज्यांनी घरातून खाली आणलं, ते बहुतेक सगळे इथे आहेत. वरच्या मजल्यावरच्या खोलीतून आणलं. घमापुरातलं घर, हातभर गल्ली, लहानसा प्लॉट. तुम्ही त्यांना आडवं धरून आणलंत. मी खाली उभी होते, मी पाहत होते. मला सांगा, जिन्याच्या वळणावर तुम्ही थांबलात का? कोणी म्हणालं का, तिरकं करा? कोणाचं कोपर भिंतीला लागलं? आठवा. नाही आठवत ना?

सर झोपल्यासारखे, सरळ, पाठीवर, त्या वळणावरून खाली आले. ती जागा त्यांनी तरुणपणी काढून ठेवली होती. वहिनी म्हणायच्या, इथे फ्रिज ठेवू या. सरांनी नाही ठेवू दिला.

आता आपण उभे राहू. त्या कोटातल्या साहेबांकडे नका पाहू, डोळे मिटा, म्हणजे आपले सर दिसतील, व्रणासकट. शांत उभे राहू. मनात तो जिना एकदा उतरू, त्यांच्या पाठोपाठ.

आणि मौन संपलं, की मंजुरीसाठी हात वर करा म्हणतील. सरांना नमस्कार करायला जोडलेले हात तसेच जोडलेले राहू द्या. वर करू नका.