सोंग घेतलेल्या लॅपटॉपवरचा विक्रम

—नाही नाही, बूट काढाच, घाई असली तरी. ओले ठसे दिसले की ओस्मो विचारणार, कोण आलं होतं. ओस्मो म्हणजे माझा नवरा. खाली सौनात वाफ घेत बसलाय. इमारतीच्या सौनात गुरुवारी आमच्या बिऱ्हाडाची पाळी, म्हणून तर तुम्हाला याच वेळेला बोलावलं. मी डोकं दुखतंय म्हणून सांगितलं—लग्नानंतरचं पहिलंच खोटं. म्हणजे, दुसरं. पहिल्याचं सांगते, आधी कॉफी घ्या. वेलदोड्याचा पाव घ्या—घ्या हो, कालचा आहे, पण मऊ आहे.

तर हा तो जुना कॉम्प्युटर, खोक्यात. अजून बाहेर काढलेला नाही, वरून झाकण तेवढं दिसतं. सासूबाई गाण्याच्या कोरसबरोबर गावाला गेल्या होत्या, तेव्हा ओस्मोनं त्यांच्या माळ्यावरून उचलून आणला, आणि परवा, शनिवारी, सगळ्यांसमोर उघडणार म्हणतो. फोटो? जाहिरातीत मुद्दामच नाही टाकला. सासूबाई रोज सकाळी त्याच जुन्या वस्तूंच्या साइटवर कप धुंडाळत असतात. नुसतं लिहिलं—जुना कॉम्प्युटर, झाकणावर मेणबत्तीचा डाग. डाग लपवून कसं चालेल, प्रामाणिकपणा नको का?

विकायचा कशाला? अहो, ओस्मोला एम्युलेटरचं वेड. म्हणजे लॅपटॉपनं जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घ्यायचं, आणि त्याचे खेळ आपल्यावर चालवायचे. आणि सोंग कसं? हुबेहूब! लॅपटॉप पापणी लवायच्या आत खेळ उघडेल, पण ते नाही चालत—जुन्याला लागायचा तेवढाच वेळ लागला पाहिजे. फ्लॉपी नाही, पण फ्लॉपीची खडखड पाहिजे. तेवढ्यात हा स्वयंपाकघरात जाऊन लोणी लावलेला ब्रेड खाऊन येतो, कारण लहानपणी तसंच करायचा. एकदा खेळ अडकला तर लॅपटॉपला बाजूनं थापट मारली! मी म्हटलं, अरे, सोंग तो घेतोय, तू कशाला घेतोस? हसला नाही. त्या विषयात तो हसत नाही.

त्यातला एक खेळ सासूबाईंचा. बर्फाच्या डोंगरांमधून बोट न्यायची. ओस्मो लहान होता तेव्हा त्यांनी विक्रम केला, आजपर्यंत कुणाला मोडता आला नाही. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तर माशाचं सूप वाढता वाढता म्हणाल्या, “बोट येते का गं तुला? नाही? असू दे, सगळ्यांना कुठे येते.” आवाज असा मधाळ—राग ठेवायचा कुठे, तेच कळेना.

मग एम्युलेटरमध्ये मला एक कळ सापडली. कळ दाबली की तो क्षण मुरंब्यासारखा बरणीत भरला. बोट फुटली? बरणी उघडायची, बोट परत धडधाकट. ओस्मो कामावर गेला की मी बोट बोटभर पुढे न्यायची, की बरणी. बोटभर पुढे, की बरणी. मोडला विक्रम! कुणाला सांगायचा नव्हता, खरंच—पण लॅपटॉपचा पडदा तसाच राहिला आणि ओस्मोनं पाहिला. रडला हो. रडतच आईला फोन. आणि हा म्हणतो, शनिवारी ती खऱ्या कॉम्प्युटरवर करून दाखवेल! खऱ्यावर बरणी कुठली? पहिल्याच डोंगराला माझी बोट रसातळाला, आणि नवी सून सगळ्यांदेखत लबाड. म्हणून विकायचा. ओस्मोला काय सांगणार? ते उद्या ठरवीन. तुम्ही उघडा खोकं, बघून घ्या.

अहो, पण मागनं काय उपसताय? ही डबी कसली—लाल बटणाची? दाबलं की काय होतं? खेळ गोठतो... हं... तो क्षण फ्लॉपीवर उतरतो... आणि बोट फुटली की पुन्हा तिथूनच—

थांबा. म्हणजे बरणीच की ही!

आणि खिशात का घालताय? कॉम्प्युटर नको? नुसती डबी? जाहिरात टाकल्यावर तासाभरात फोन केलात, तो डबीसाठी? आणि ती मागे लावलेली असणार, हे न बघता कसं—तुम्ही गाता का हो? कोरसमध्ये? पावाकडे बघू नका, पाव चांगला आहे हे मला माहीत आहे. मेणबत्तीचा डाग! सासूबाईंनी डागावरून ओळखलं, आणि तुम्हाला पाठवलं. काय म्हणाल्या? “कॉम्प्युटर राहू दे, डबी तेवढी आण”?

द्या इकडे. द्या. माझ्याकडे राहू दे, माझ्या बरणीशेजारी त्यांची बरणी. कॉम्प्युटर आता विकायचा नाही.

बूट घाला, जिन्यात ओस्मोची चप्पल वाजतेय. आणि सासूबाईंना सांगा, शनिवारी माझं डोकं दुखणार आहे. त्यांचंही दुखू दे म्हणावं.