जुर्नियाची बारी

— नाही, तो फोन खिशात घाल. तुझ्या आईला माझ्याशी बोलायचं असेल तर समोर येऊन उभी राहील, डबीत शिरून नाही. घाल म्हटलं ना. आणि बूट घालून बांधावर चढू नकोस, कालच लिंपलाय. त्या ओंडक्यावर बस. मामा म्हणतोस ना मला — मग मामा सांगेल तिथं बसायचं. तो जमीन मोजणारा टेपवाला राहू दे रस्त्यावरच. फक्त सांग त्याला, तिथं दालचिनीची सालं वाळत घातलीत, त्यांच्यावर पाय देऊ नकोस. माझ्या बायकोची आहेत, आणि ती माझ्यासारखी शांत नाही.

तर काय म्हणालास, परत म्हण. मामानं आईचं शेत खाल्लं. हळू कशाला बोलतोस, मोठ्यानं बोल की, पलीकडे तुझी साबियाह मावशी रोपं उपटतेय, तिलाही कळू दे. खाल्लं. बरं. समुद्रापलीकडे मलेशियात शिकलास, टेप आणलीस, माणूस आणलास, आणि शेत कोणाचं ते विचारलं नाहीस कोणाला. हे शेत तुझ्या आईचं नाही. माझं तर नाहीच नाही — मी पुरुष. आमच्यात शेत बायकांचं, भावानं ते राखायचं आणि जेवायला बायकोच्या घरी जायचं. हे शेत आमच्या आजीच्या आजीचं. तिच्या लेकींचं, लेकींच्या लेकींचं, सगळ्यांचं मिळून एक. कापायचं नाही. यंदा एकीनं पेरायचं, पुढच्या वर्षी दुसरीनं, मग तिसरीनं. बारी फिरत फिरत परत येते तोवर काखेतलं पोर म्हैस हाकायला लागतं. इथं कोणाला वय विचारलंस तर सांगणार नाही. सांगेल, मी साबियाहच्या बारीत जन्मलो. तू तुझ्या आईच्या बारीतला. म्हणून तर असा गुबगुबीत निघालास — त्या वर्षी भात ठेवायला कोठारात जागा नव्हती.

आणि मग ती गेली. मी जा म्हटलं नव्हतं. राहा म्हटलं होतं का? ते तुला काय करायचंय. ह्याच बांधावर उभी होती, तू कडेवर. म्हणाली, तुझा चिखल तुला लखलाभ. नवऱ्याबरोबर बसमध्ये चढली आणि मागं वळून बघितलं नाही — बघितलं असतं तर दिसलो असतो.

आता ऐक. जिची बारी ती हजर नसेल, तिचा निरोपही नसेल, तर बारी पुढचीला जाते. आणि एकदा नाव गळलं की गळलं, तिच्या लेकीनं येऊन डोकं आपटलं तरी परत ओवता येत नाही. तुझ्या आईचं नाव गळलं नाही. का नाही गळलं? कारण प्रत्येक खेपेला मी घराण्याच्या मोठ्या घरात उभा राहिलो आणि सांगितलं — निरोप आलाय, जुर्निया म्हणते माझ्या वाटचं माझा भाऊ पेरेल. सगळ्या म्हाताऱ्या म्हणाल्या, ठीक. त्यांना काय माहीत, निरोप कुठला येतोय —

म्हणजे आला होता. तोंडी. एका ट्रकवाल्याबरोबर. नाव? ट्रकवाल्याचं नाव कोण लक्षात ठेवतं. तू विषय बदलू नकोस.

खाल्लं म्हणतोस. नांगरलं मी, चिखल मी केला, गोगलगायी मी वेचल्या. घरी मूठभर तांदूळ नेला नाही. बायको म्हणायची, बहिणीच्या शेतात कंबर मोडतोस आणि माझ्या घरात नुसता चिखल आणतोस. खरंच होतं तिचं. ज्या घरात भात कमी पडेल तिथं एक पोतं जायचं, तुझ्या आईच्या नावानं. आणि मोठ्या जेवणाला टोपली. पूर्वजांच्या वस्तू माळ्यावरून खाली काढतात तेव्हा एकेका बाईचं नाव पुकारतात, आणि ती डोक्यावर तांदळाची टोपली घेऊन पुढं येते. बाई. पुरुष डोक्यावर टोपली घेत नाही आमच्यात. तर पुकारलं — जुर्निया. कोणी उठेना. दुसऱ्यांदा पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारलं की संपलं, नाव गळलं. मग मी उठलो. टोपली डोक्यावर घेतली आणि गेलो चालत. लोक हसता हसता आडवे झाले. मागून म्हातारा इद्रूस ओरडला, जुर्निया, तुझ्या मिशा वाढल्यात गं. अजून पोरं मला बाजारात जुर्निया मावशी म्हणतात. मी ओ देतो. का नको देऊ? नाव पुकारलं की कोणीतरी ओ द्यायलाच हवी.

तू हसू नकोस. तुला हसायचा हक्क नाही.

टेप लावून काय होणार ते मला माहीत आहे. ओढ्यापलीकडे रमलीच्या घरच्यांनी केली शेताची वाटणी. एकीची पट्टी इतकी अरुंद आली की म्हशीला आत वळता येत नाही, उलटी चालवत बाहेर काढतात. मग वैतागून विकली. आता तिथं बटाट्याचं गोदाम आहे आणि खालच्या शेतांना पाणी नाही. तुकडा विकता येतो, बाबा. अख्खं शेत विकता येत नाही, कारण विकायला कोणा एकाचं ते नसतंच. म्हणून राहिलंय ना ते तुझ्या पायाखाली.

मी हो म्हणणार नाही. राखणदार मी आहे, माझ्या शब्दाशिवाय इथं दोरी पडत नाही. कागद आण, साहेब आण, तिकडचा वकील आण. नाही म्हणजे नाही. मी मेल्यावर? मेल्यावर बहिणीचा मुलगा राखणार, तशी रीतच आहे. कोण म्हणजे काय. मला बहीण एकच. तिला मुलगा एकच. तू, गाढवा. तुला बहीण आहे ना, आईनंतर बारी तिची — तिच्याच शेताला टेप लावायला निघालास, आणि उद्या ते राखायचंय तुलाच. तेव्हा बघू कोणाला हो म्हणतोस ते.

आणि हे बघ, आईला सांगायचं तर एवढंच सांग, मामा नाही म्हणाला. बाकीचं नको. टोपलीचं नको, ट्रकवाल्याचं तर मुळीच नको. ती म्हणेल म्हातारा पाघळला. कळलं? — मान खाली का घातलीस? खिशात उजेड कसला तो? शर्टाच्या खिशात, काय लुकलुकतंय?

बंद केला नव्हतास.

कधीपासून? बसलास तेव्हापासून?

सगळं? मिशांचंही?

दे इकडे. कसा धरायचा हा — असा? … जुर्नी. … बोल. … बोलत नसशील तर नको बोलू, तुझी लहानपणापासूनची खोड आहे ती. ऐक मग. रोपं तयार आहेत. बारी तुझी आहे. मी वाकलो की परत सरळ होत नाही आताशा, यंदा टोपली घेणार नाही डोक्यावर. नाव पुकारतील तेव्हा बघ तुझं तू.

घे. धर तो. ती काय म्हणते ते मला सांगू नकोस. त्या टेपवाल्याला घरी पाठव. आणि बूट काढ.