पॅकेजेस आपोआप बसवण्याबाबत

विषय: माझ्या कॉम्प्युटरवर पॅकेजेस आपोआप बसवण्याबाबत.

आमच्या बुधवारा भागातल्या घरी कॉम्प्युटरवर लिनक्स आहे, मुलीने, मनीषाने, घालून दिलेलं. त्यातली काही पॅकेजेस, म्हणजे प्रोग्रॅम, कंपनीची नसतात, लोकच हौसेनं सांभाळतात. म्हणून बसवण्याआधी पॅकेजची फाइल वाचून काही गैर नाही ना ते बघायचं, हा नियम मनीषानेच सांगितला. जन्मभर कारकुनी केलेल्या बापाला सांगितला! दर रविवारी ती पुण्याहून फोन करायची आणि मी ओळ न् ओळ वाचून दाखवायचो. एका पॅकेजला तास सहज जायचा.

मग एकदा म्हणाली, "बाबा, आता टेन्शनच नाही. सगळी यादी अँसिबल नावाच्या प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवलीय. इथूनच आपोआप बसेल."

रविवारी सगळं बसलं. फोन आला नाही. शेवटी मीच लावला.

"फाइल कोणी वाचली?"

"मी वाचली ना, बाबा. काही बिघडलं का?"

"काहीच बिघडलं नाही. तीच तक्रार आहे."

 ती म्हणाली, "लेखी द्या."

दिलं. मराठी फाँटचं पॅकेज यादीतून वगळावं, ते पूर्वीप्रमाणे फोनवरच बसवावं, ही विनंती.

अर्ज अद्याप प्रलंबित आहे. तसं ती दर रविवारी फोन करून कळवते.