फिरवाची साडी

लग्न लावणं सोपं असतं, खरी परीक्षा नंतर आहेराच्या साड्या लावताना होते. अकोल्याला आमच्या काकूनं पोराचं लग्न झाल्यावर पलंगावर साड्यांचे तीन ढीग केले: नेसाच्या, द्याच्या आणि फिरवाच्या. नवी सून पुण्याची. तिनं विचारलं, "आई, द्यायच्या आणि फिरवायच्या एकच ना?"

"एक कशा होतीन वं?" काकू म्हणाली. "द्याची म्हंजे जिले देल्ली ते नेसन. फिरवाची म्हंजे जिले देल्ली तेही फिरवन."

सुनेनं मान डोलावली. तेवढ्यात मूर्तिजापूरची आत्या, म्हणजे काकूची नणंद, गावाला जायला निघाली. सुनेनं हौसेनं तिला कुंकू लावलं आणि तिसऱ्या ढिगातली वरची साडी तिच्या ओटीत घातली. काकूनं डोळे वटारले, पण उशीर झाला होता.

आत्यानं साडी निरखून पाहिली. "काहून वं वयनी, हे तं परवा मीच आणली होती तुह्यासाठी!"

काकूचा चेहरा असा उतरला की आम्ही सगळे पंख्याकडे पाहू लागलो. आत्याच खदखदून हसली. "घाबरू नको. मले तं तूच देल्ली होती, मांगच्या साली, माह्या नातवाच्या बारशात."

आता ही साडी ठेवायची कुठल्या ढिगात? सुनेनं ती अलगद उचलली आणि तिन्ही ढिगांपासून लांब, उशीवर ठेवली.

"आई, ही माहेरी आलीय. चार दिवस आराम करू दे, मग पाठवू."