कॅप्टन ऑर्बनचं खोकं

क्लीव्हलंडच्या कॉमिक्स-मेळ्यात, अंतराळवीरांच्या बाहुल्यांचं सील तपासायच्या रांगेत माझ्यापुढे नवरा-बायको होते. कान बंद ठेवायची मला सवय नाही.

“व्हर्न, घरी चल.”

“चाळीस वर्षं माझा कॅप्टन ऑर्बन खोक्यात सीलबंद आहे. आज ‘कधीच न उघडलेला’ असा शिक्का घेणारच.”

“नाही मिळणार. मी खोकं उघडलं होतं.”

“कधी?”

“तुझं हृदयाचं ऑपरेशन चाललं होतं तेव्हा. तूच म्हणायचास, कॉमिकमध्ये हा दर वेळी मरून परत येतो. नऊ तास याला मुठीत धरून बसले. मग खोकं डिंकाने चिकटवलं.”

“आणि मला बोलली नाहीस, लोरेटा.”

“तू जगलास. मग कशाला बोलू?”

“पुढचे या,” टेबलामागचा माणूस म्हणाला.

व्हर्नने तिथेच खोकं फाडलं.

“याचा एक हात कुठाय?”

“सातव्या तासाला मोडला. पर्समध्येच असतो माझ्या.”